सोळा वर्षांच्या मुलाकडे व्हेप सापडला, त्याला सांगलीला पाठवू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र सिडनीच्या पश्चिम भागात राहणाऱ्या एका आईचं आहे. ओळख पटेल असे सगळे तपशील काढून टाकले आहेत. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. शाळेच्या स्वच्छतागृहात व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, ओढताना सापडला आणि शाळेने त्याला काही दिवस घरी बसवलं. त्याच्या शाळेच्या जंपरला बरेच दिवस कलिंगडासारखा गोड वास येत होता. धुवायला टाकताना आईला तो च्युइंगगमचा वाटायचा. शाळेतून फोन आल्यावर खोली तपासली, तर मोज्यांच्या कप्प्यात आणखी एक व्हेप निघाला. हायलायटर पेनासारखा दिसणारा, गुलाबी रंगाचा.

मुलगा म्हणतो, "त्यात निकोटिन नाहीये, नुसता फ्लेवर आहे. आणि सगळेच करतात." आईचा यावर विश्वास नाही. वडिलांनी फोन काढून घेतला आहे आणि तेव्हापासून ते मुलाशी बोलत नाहीत. आई लिहितात, "आमच्या दोन्ही घरांत व्यसनाचं नाव नाही. सासरे तंबाखू खातात, तेवढंच. हे सगळं त्या एका मित्राने त्याला लावलं." त्यांचे प्रश्न असे: त्या मित्राच्या आईवडिलांना फोन करावा का? लघवीची तपासणी करणारं किट आणावं का? की बारावी होईपर्यंत त्याला सांगलीला आजी-आजोबांकडे पाठवून द्यावं? आणि अकरा वर्षांच्या धाकटीला काय सांगायचं?

उत्तर

ताई, तुम्ही बरेच प्रश्न विचारले आहेत. पण मुलगा खोटं बोलतोय हे तुम्ही धरूनच चालला आहात. आधी तिथे थांबू, कारण तेच चुकलं तर पुढचं सगळं चुकत जाईल.

"त्यात निकोटिन नाही" हे तो अगदी मनापासून म्हणत असेल. तुमच्याच राज्यात, न्यू साउथ वेल्समध्ये, तिथल्या कॅन्सर कौन्सिलने २०२१ पासून 'जनरेशन व्हेप' नावाचा संशोधन प्रकल्प चालवला आहे. व्हेपबद्दल मुलांना आणि तरुणांना काय वाटतं, ती प्रत्यक्षात काय करतात, वस्तू मिळवतात कुठून, हे त्यात विचारलं जातं. २०२२ मध्ये त्याचे सुरुवातीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते १४ ते १७ वयाच्या ७२१ मुलांच्या उत्तरांवरून काढलेले होते. त्यातल्या ३२ टक्के मुलांनी निदान दोन-चार झुरके घेतलेले होते. या ओढलेल्या मुलांपैकी ५३ टक्क्यांनी सांगितलं की आम्ही ओढलेल्यात निकोटिन होतं हे आम्हाला ठाऊक होतं. २७ टक्क्यांना मात्र होतं की नव्हतं हेच सांगता आलं नाही. म्हणजे चारातलं एक मूल आपण छातीत काय ओढून घेतोय हे न कळताच ओढत होतं. अमेरिकेतही तेच दिसलं. 'ट्रुथ इनिशिएटिव्ह' या संस्थेने २०१८ मध्ये १५ ते २४ वयाच्या मुलामुलींना विचारलं, तेव्हा 'ज्यूल' या ब्रँडचा व्हेप वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांना माहीत नव्हतं की त्यात निकोटिन असतंच असतं. बिननिकोटिनचा ज्यूल बाजारात नव्हताच.

आपल्या पिढीला हे चटकन पटत नाही, कारण आपल्या डोळ्यांसमोर सिगारेट असते. सिगारेटचा पहिला झुरका घशाला लागतो, ठसका येतो, डोळ्यांत पाणी येतं. आपण काहीतरी भलतं करतोय हे शरीरच सांगतं. आताच्या व्हेपमध्ये निकोटिन क्षाराच्या रूपात असतं, म्हणजे आम्ल मिसळून त्याची घशाला टोचणारी धार कमी केलेली असते. त्यामुळे प्रमाण भरपूर असलं तरी ठसका लागत नाही. वर कलिंगड, आंबा, द्राक्ष यांची गोडी. चोरून विकल्या जाणाऱ्या व्हेपमध्ये एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटिन सर्रास आढळतं. न्यू साउथ वेल्सचं आरोग्य खातं मुलांना सांगतं की एका व्हेपमध्ये ५० सिगारेटींइतकं निकोटिन असू शकतं. वेष्टनावर 'निकोटिन नाही' असं छापलेले व्हेप प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा त्यातल्या अनेकांत निकोटिन निघालं. तुमच्या मुलाने ते वेष्टन वाचलं असेल आणि त्यावर विश्वास ठेवला असेल.

याचा अर्थ त्याने काहीच लपवलं नाही असा होत नाही. दुसरा व्हेप मोज्यांत होता. पण वस्तू लपवणं आणि त्या वस्तूबद्दल जाणूनबुजून खोटं सांगणं या दोन गोष्टी आहेत. "तू खोटारडा आहेस" या वाक्यावर बोलणं संपतं. "त्यात काय असतं हे तुला कुणी सांगितलं? चल, आपण दोघं बघू," इथून ते सुरू होऊ शकतं.

आता "सगळेच करतात." हे वाक्य मुलाचं असलं तरी तुमचाही त्यावर विश्वास बसलेला दिसतो. तुम्ही लिहिलंय, "इकडच्या शाळांत सगळीच पोरं हे करतात, म्हणून इथून काढावं असं वाटतं." ऑस्ट्रेलियात माध्यमिक शाळांची राष्ट्रीय पाहणी दर काही वर्षांनी होते. १२ ते १७ वयाच्या मुलांपैकी आयुष्यात एकदा तरी व्हेप ओढलेल्यांचं प्रमाण २०१७ मध्ये सुमारे १४ टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये सुमारे ३० टक्क्यांवर गेलं. पाच-सहा वर्षांत दुप्पट. आकडा काळजीचा आहेच. पण त्याच पाहणीत ७० टक्के मुलांनी तो एकदाही तोंडाला लावलेला नव्हता. आणि पाहणीच्या आधीच्या महिन्यात ओढलेली मुलं होती १६ टक्क्यांच्या आसपास. 'एकदा तरी' या रकान्यात मित्राच्या वाढदिवशी एक झुरका घेऊन परत कधीच न घेतलेलं मूलही मोजलं जातं, हे असे आकडे वाचताना प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं.

मग त्याला सगळेच का वाटतात? ज्या स्वच्छतागृहात तो मधल्या सुट्टीत जातो, तिथे त्या वेळी ओढणारीच मुलं असतात. न ओढणारी शंभर मुलं बाहेर ग्राउंडवर असतात, ती त्याच्या मोजणीत येत नाहीत. हे त्याच्याशी बोलून बघा, पण भाषण देऊ नका. "तुझ्या वर्गातल्या, क्रिकेटच्या टीममधल्या, मराठी शाळेतल्या मुलांपैकी खरोखर किती जण ओढतात?" असं विचारा आणि त्याला बोटं मोजू द्या. बहुतेक मुलं इथे स्वतःच थबकतात.

मित्राबद्दल मी तुम्हाला थोडं दुखावणारं सांगणार आहे. त्याच 'जनरेशन व्हेप' अभ्यासात ओढणाऱ्या मुलांपैकी ७० टक्क्यांनी शेवटचा व्हेप स्वतः विकत घेतलेला नव्हता, आणि त्यातल्या ८० टक्क्यांना तो मित्रांकडून मिळाला होता. ज्यांनी विकत घेतला, त्यांच्यातलेही जवळजवळ निम्मे कुणा मित्राकडून किंवा ओळखीच्याकडून घेत होते. म्हणजे मुलांच्या जगात 'देणारा' आणि 'घेणारा' असे दोन वेगळे गट नसतात. आज जो घेतो तो उद्या दुसऱ्याला देतो, डबा वाटून खावा तसा. तुमच्या मुलाकडे एकाच वेळी दोन व्हेप होते. त्यातला एक दुसऱ्या कुणाच्या खिशात गेला नसेलच असं तुम्ही किंवा मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कदाचित याच क्षणी दुसरी एक आई तुमच्या मुलाचं नाव घेऊन कुणाला तरी पत्र लिहीत असेल.

म्हणून त्या घरी फोन करायचा तर तक्रारीचा करू नका. आणि मुलाला न सांगता तर मुळीच करू नका. सोळाव्या वर्षी मित्राला 'पकडून देणं' हा फार मोठा गुन्हा वाटतो, आणि त्यानंतर तो तुम्हाला काहीही सांगणार नाही. थोडे दिवस जाऊ द्या. मग त्याला सांगून फोन करा: "आमच्याकडे हे सापडलं, आम्ही डॉक्टरांकडे जातोय, तुम्हालाही माहीत असावं म्हणून सांगते." एवढं पुरे. त्या आईलाही बहुधा असा फोन हवाच असेल.

आता सांगली. माझं मत स्पष्ट आहे: पाठवू नका.

'गावी गेला की संगत सुटेल, व्यसन सुटेल' हा आपल्याकडचा फार जुना उपाय आहे, आणि तुम्ही तो मायेपोटीच सुचवताय हे मला कळतं. पण तुमच्याच पत्रातलं वाक्य परत वाचा. "दोन्ही घरांत व्यसनाचं नाव नाही. सासरे तंबाखू खातात, तेवढंच." ताई, तंबाखूतही निकोटिनच असतं. आजोबा जेवण झाल्यावर हातावर चुना-तंबाखू मळून बार भरतात आणि नातू स्वच्छतागृहात कलिंगडाची वाफ ओढतो, दोघांना येणारी तलफ एकाच पदार्थाची आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखूची सवय होती, आणि त्यात तोंडात धरून खाणाऱ्यांचंच प्रमाण सर्वांत मोठं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो हे कुणाही सांगलीकराला माहीत आहे. निकोटिनची ओढ लागलेला, आपल्या माणसांपासून तोडलेला, परक्या अभ्यासक्रमात धडपडणारा सोळा वर्षांचा मुलगा अशा ठिकाणी एकटा पाठवायचा आणि तो सुधारेल अशी आशा धरायची, हे मला धोक्याचं वाटतं. शिवाय त्याला त्यातून एकच अर्थ लागेल: चूक केली की आईबाबा घराबाहेर काढतात. सांगली आणि आजी-आजोबा ही त्याच्यासाठी शिक्षा होऊन बसेल, आणि ते नुकसान व्हेपपेक्षा जास्त काळ टिकेल.

आजोबांकडे सुट्टीत जरूर जा, सगळे मिळून जा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. बॅगेत चुकून राहिलेला व्हेप विमानतळावर निघाला तर आजोबांच्या भेटीआधी सगळ्यांच्या डोक्याला ताप होईल. आणि गेलात की सासऱ्यांचं तोंडही दंतवैद्याला दाखवून घ्या. तंबाखू जिथे धरतात तिथे गालाच्या आत पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही असेल तर लगेच. 'तेवढंच' म्हणून इतकी वर्षं ते कुणी पाहिलं नसेल.

मग करायचं काय? आधी हे बघा की त्याला सवय कितपत लागली आहे. लघवीच्या किटने फक्त हो किंवा नाही कळेल, आणि त्याची किंमत म्हणून तुमच्यातला उरलासुरला भरवसा जाईल. त्यापेक्षा विचारा. समोरासमोर बसून नको, गाडीत विचारा, दोघांची नजर रस्त्यावर असताना. सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने लागतो? ज्या दिवशी हाताशी नसतो त्या दिवशी चिडचिड होते का, हात शिवशिवतात का, वर्गात लक्ष लागत नाही का? रात्री जाग आली की ओढतोस का? मध्ये कधी सोडून बघितलास का, तेव्हा काय झालं? उठल्या उठल्या लागत असेल, किंवा सोडायचा प्रयत्न करून परत सुरू केला असेल, तर सवय लागली आहे आणि नुसत्या शपथेने ती सुटणार नाही. फक्त शनिवारी मित्रांबरोबर ओढत असेल तर काम बरंच सोपं आहे.

आणि हेही विचारा: ओढल्यावर काय बरं वाटतं? पुष्कळ मुलं सांगतात, ताण कमी होतो. तो खोटं सांगत नसतो, त्याला खरंच हलकं वाटतं. पण तो ताण बऱ्याचदा आधीच्या झुरक्याचं निकोटिन उतरल्यामुळेच आलेला असतो, आणि पुढचा झुरका तोच मिटवतो. हे चक्र त्याला समजावून सांगा. सोळा वर्षांच्या मुलाला हे नीट समजतं, आणि वापरलं जाण्याचा राग येतो. हा राग कामाचा आहे. त्या चक्राखाली दुसरा काही ताण आहे का, परीक्षेचा, एकटेपणाचा, शाळेत कुणी त्रास देण्याचा, तेही त्यातून कळेल. तुमच्या पत्रात त्याच्या अभ्यासाबद्दल पाच वाक्यं आहेत, त्याच्या मनाबद्दल एकही नाही. मी दोष देत नाहीये. घाबरलेल्या आईचं पत्र असंच असतं. पण हा कोपरा रिकामा राहू देऊ नका.

त्यानंतर फॅमिली डॉक्टर. डॉक्टर त्याच्याशी काही वेळ एकट्याने बोलायला मागतील, तेव्हा तुम्ही बाहेर बसा. सवय जास्त असेल तर निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या यांचा उपयोग करायचा का हे डॉक्टर ठरवतील. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणू नका. ऑस्ट्रेलियाची क्विटलाइन, म्हणजे सिगारेट सोडायला मदत करणारी फोनसेवा, १३ ७८४८ या क्रमांकावर आहे. तिथे व्हेप सोडणाऱ्यांनाही मदत मिळते आणि पालकही फोन करू शकतात. 'माय क्विटबडी' हे सरकारी ॲप फुकट आहे.

इथे त्याच्या बाबांना निरोप द्या: फोन परत करा. शिक्षा मागे घेणं पटत नसेल तर औषध म्हणून करा. अमेरिकेत १३ ते १७ वयाच्या, व्हेप ओढणाऱ्या सुमारे दीड हजार मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. अर्ध्या मुलांना व्हेप सोडायला मदत करणारे मेसेज फोनवर पाठवले जात होते, धीर देणारे, तलफ आली तर त्या क्षणी काय करायचं ते सांगणारे. सात महिन्यांनी त्या गटातली ३७.८ टक्के मुलं व्हेपपासून दूर होती, दुसऱ्या गटातली २८ टक्के. साध्या मेसेजने इतका फरक पडतो. पण या आकड्यात आणखी एक गोष्ट आहे. मदत मिळूनही दहातल्या सहा मुलांना त्या वेळेपर्यंत जमलं नव्हतं. म्हणून तुमचा मुलगा एकदा सोडून परत ओढताना सापडला, तर तो 'गेलेला' नाही. बहुतेकांचं असंच होतं, आणि पुढचा प्रयत्न मागच्यापेक्षा शहाणा असतो. हे त्याला आधीच सांगून ठेवलंत तर पाय घसरल्यावर तो लपवण्याऐवजी तुमच्याकडे येईल.

सोडायची तारीख त्याला ठरवू द्या. परीक्षेचा आठवडा टाळा. पहिले काही दिवस सर्वांत वाईट असतात: चिडेल, झोप लागणार नाही, भूक वाढेल, दार आपटेल. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ काढायला हाताला आणि तोंडाला काहीतरी हवं. थंड पाणी, गाजर, भाजलेले शेंगदाणे, अंगणात चेंडू, काहीही. त्या दिवसांत घरात अभ्यासावरून, खोलीच्या पसाऱ्यावरून वाद काढू नका. सध्या एकच लढाई पुरे.

त्याच्या बाबांबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण मला त्यांचीही काळजी वाटली. न बोलणं हा राग दाखवायचा त्यांचा मार्ग असेल, कदाचित त्यांच्या वडिलांचाही होता. मुलापर्यंत मात्र राग पोचत नाही, फक्त दार बंद झाल्याचं पोचतं. त्यांना फार बोलायला लावू नका. मुलाला पोहायला, नेट्सला, गाडी धुवायला बरोबर न्यावं, एवढंच सांगा.

तुम्ही मुलाला दाखवायला म्हणून एक व्हिडिओ पाठवला आहे, व्हेपमुळे 'पॉपकॉर्न लंग' होऊन मुलं मरतात असं सांगणारा. तो दाखवू नका. तो आजार पॉपकॉर्नच्या कारखान्यात चवीच्या रसायनाची वाफ रोज छातीत घेणाऱ्या कामगारांमध्ये आढळला होता. नेहमीच्या व्हेपशी त्याचा संबंध तसा पक्का झालेला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांना फुफ्फुसांचा गंभीर आजार झाला, २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यात ६८ मृत्यूंची खात्री झाली, हे खरं आहे. पण त्यामागे मुख्यतः गांजातल्या द्रव्याच्या व्हेपमध्ये मिसळलेलं ई जीवनसत्त्वाचं तेल होतं. तुमचा मुलगा हे दोन मिनिटांत शोधून काढेल आणि म्हणेल, आईला काहीच माहीत नाही. मग तुमचं खरंही तो ऐकणार नाही. खरं पुरेसं आहे: मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, या वयात निकोटिनची ओढ पटकन लागते, लक्ष आणि झोप बिघडते, आणि ती वाफ म्हणजे पाण्याची वाफ नव्हे, त्यात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरिन आणि चवीची रसायनं असतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या २०२२ च्या मोठ्या आढाव्यात दिसलं की सिगारेट न ओढणारा माणूस व्हेप ओढत असेल तर पुढे सिगारेट धरण्याची शक्यता न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे तिप्पट असते. व्हेपमुळेच तसं होतं की धाडसाची आवड असलेली मुलं दोन्हीकडे वळतात, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वादही त्याला सांगा. काही न लपवता सांगणाऱ्याचं मुलं ऐकतात.

पोलिसांची भीतीही घालू नका. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियात औषधांच्या दुकानाबाहेर व्हेप विकणं बेकायदा आहे, पण तो कायदा विकणाऱ्यांसाठी आहे. स्वतःपुरता वापरणाऱ्या मुलाला पकडण्यासाठी नाही. आणि ते दोन्ही व्हेप लाल झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आत लिथियमची बॅटरी असते, कचऱ्याच्या गाडीत पेट घेते. तुमच्या भागातल्या कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, विचारून जमा करा, तोवर धाकटीच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

धाकटीला खरं सांगा, थोडक्यात. घरात काय चाललंय हे तिला आधीच कळलेलं असतं. "दादाला एक सवय लागली होती, ती सोडायला आपण मदत करतोय. तुला कुणी असं काही दिलं तर 'नको' म्हण, आणि घेतलंस तरी मला सांग, मी ओरडणार नाही." ते शेवटचं वाक्य पाळायची तयारी असेल तरच म्हणा. तिला दादावर पाळत ठेवायला लावू नका.

मंडळात कळेल ही धास्ती तुमच्या पत्रात तीनदा आली आहे. गणपतीच्या कार्यक्रमात तुमच्या शेजारी बसणाऱ्या घरांपैकीही काहींच्या मुलांच्या दप्तरात हेच असणार. तुम्ही जाहीर करावं असं मी म्हणत नाही. पण एखाद्या विश्वासातल्या मैत्रिणीला सांगा. गुपित सांभाळण्यातच सगळी ताकद गेली, तर मुलासाठी काही उरणार नाही.

पुणे, नाशिक, नागपूर, पणजीहूनही अशी पत्रं येतात, बहुतेक हॉस्टेलवरच्या मुलांबद्दल, म्हणून त्या पालकांसाठी. आपल्याकडे कायदा कडक आहे: विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि नुसती साठवणूकही गुन्हा. तरी वस्तू चोरून मिळते, आणि चोरून मिळते म्हणून त्यात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कायद्याच्या भीतीने मुलाला डॉक्टरांकडे न्यायचं टाळू नका. सवय सोडायला आलेल्या मुलाला डॉक्टर मदतच करतात. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्विटलाइन १८००-११-२३५६ वर आहे, तिला मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातलं केंद्र जोडलेलं आहे, मराठीत बोलता येतं. मुलाचं मन खचलेलं वाटत असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. आधी तुम्ही स्वतः फोन करा, काय विचारतात, कसं बोलतात ते ऐका, आणि मग क्रमांक मुलाला द्या.